चित्रात कार तिरकी काढली की चाकं बिघडतात, सुरुवात कुठून करावी?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. कारचं चित्र काढायला शिकतोय, अगदी श्रीगणेशापासून. २०१८ च्या मॉडेलची स्विफ्ट बाजूने काढली तर ओळखू येते. पण पुढून-तिरकी, म्हणजे चेहरा आणि एक बाजू एकदम दिसेल अशी काढायला घेतली की सगळं बिनसतं. मागचं चाक जमिनीवर टेकत नाही, पुढचं पंक्चर झाल्यासारखं दिसतं, आणि गाडी उंच होत जाते. स्विफ्टची वॅगन आर होते म्हणा ना.

सध्याची पद्धत अशी: आधी पुढची काच आणि बोनेटची रेषा, मग हेडलाइट, ग्रिल, दारं, आणि शेवटी उरलेल्या जागेत चाकं. एचबी पेन्सिल, ए४ झेरॉक्स कागद, समोर मोबाईलवर फोटो.

सुरुवात कुठून करावी? तिरक्या चाकाचा आकार ठरवायची काही पक्की रीत आहे का, की नजरेनेच ठरवायचा? आणि चकाकी कशी दाखवतात? मी छटा दिली की पत्रा चिखलाने माखल्यासारखा दिसतो.


गुण्या

चाकं शेवटी "उरलेल्या जागेत"? दुखणं तिथंच आहे. आधी चाकं काढायची आणि बाकीची गाडी चाकांच्या मापाने मोजायची. कारमध्ये नेमक्या मापाची, पूर्ण गोल आणि जमिनीला टेकलेली वस्तू तेवढी एकच.

स्विफ्टचीच मापं घ्या. टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. रुंदी १८५ मिमी, टायरच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के म्हणजे १२० मिमी, आणि रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. भिंत वर एकदा, खाली एकदा, मध्ये रिम: १२० + ३८१ + १२०, झाले ६२१ मिमी. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो, त्याचा हिशेबही ६२० च्या आसपासच येतो. म्हणजे चाक ६२ सेंमी धरून चाला.

आता गाडी. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत २४५० मिमी, म्हणजे जवळजवळ चार चाकं. दोन चाकांच्या मधल्या मोकळ्या जागेत बरोबर तीन चाकं बसतात. एकूण लांबी ३८४० मिमी, म्हणजे सहा चाकं आणि वर थोडं. उंची १५३० मिमी, म्हणजे अडीच चाकं. रुंदी आरसे सोडून १७३५ मिमी, पावणेतीन चाकांहून किंचित जास्त.

कागदावर चाक ३ सेंमीचं घ्या. बाजूच्या चित्रात चाकांच्या मध्यांत ११.९ सेंमी, पूर्ण लांबी १८.६, उंची ७.४, गाडीचं पोट जमिनीपासून ८ मिमी वर. ए४ आडवा धरला की ऐसपैस बसते. चाकांच्या मध्यांपलीकडे उरलेले पावणेसात सेंमी पुढे-मागे वाटायचे, पुढे जास्त, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढच्या आसाच्या आसपास कोंबलेले असतात. रिम टायरच्या ६० टक्के, म्हणजे १.८ सेंमी. रिम याहून लहान काढली की गाडीला ट्रॅक्टरचे टायर लावल्यासारखे दिसतात.

"स्विफ्टची वॅगन आर होते" हे तुम्ही विनोदाने लिहिलंत, पण ते मोजता येतं. २०१९ ची वॅगन आर १६७५ मिमी उंच आणि १६२० मिमी रुंद आहे, म्हणजे समोरून उंची रुंदीपेक्षा जास्त. स्विफ्ट उंचीपेक्षा २० सेंमी रुंद आहे. तुमचा चेहरा उभट येत असेल तर हाच आकडा चुकतोय. शिवाय वॅगन आरचं चाक लहान, त्यामुळे तिची उंची चाकाच्या २.८५ पट भरते. अडीच आणि २.८५, एवढ्या फरकावर गाडी बदलते.

बाजूच्या चित्रात आणखी एक पाहा. पुढच्या काचेचा खांब खाली लांबवला तर ती रेष पुढच्या चाकाच्या मध्याजवळ कुठेतरी उतरते. जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ती चाकाच्या बरीच मागे पडते. दाराचा कट आणि पुढचं चाक यांत किती मोकळा पत्रा आहे, यावरूनच गाडीची जात कळते. तो पत्रा वाढला की स्विफ्ट काढायला घेतलेली असते आणि कागदावर पद्मिनी उतरते.


तिरकी_रेघ

गुण्या यांनी मापं दिली, मी ती तिरकी करून देतो. थोडं लांबेल.

पहिला प्रश्न, तुमचा डोळा कुठे आहे? मध्यम उंचीच्या माणसाचा डोळा उभ्याने दीडशे ते एकशेसाठ सेंमीवर असतो आणि स्विफ्ट १५३ सेंमी उंच आहे. म्हणजे उभं राहून पाहिलंत तर क्षितिजरेषा टपालाच टेकते. टपाचा वरचा भाग दिसणारच नाही, टपाची कड जवळजवळ आडवी सरळ राहील. पण आपल्याला टप आहे हे माहीत असतं म्हणून हात तो दाखवायला जातो, आणि गाडी उंच होते. खुर्चीत बसून पाहिलंत तर क्षितिज काचांमधून जातं. आधी ही रेष हलकी मारून घ्या, मगच पुढे.

आता बाजू कागदाच्या पातळीपासून ४० अंश मागे वळलेली, तुम्ही ७ मीटर लांब उभे, असं धरू. गाडीचं तोंड डावीकडे, पुढचं चाक कागदावर ३ सेंमी उंच. मागचं चाक तेव्हा अडीच सेंमीला थोडं कमी भरतं. चाकांच्या मध्यांतलं अंतर ११.९ वरून साडेसात सेंमीवर येतं. आणि मागचं चाक जिथे टेकतं ती जागा पुढच्याच्या टेकण्यापेक्षा साधारण १.४ सेंमी वर येते. क्षितिज पुढच्या चाकाच्या तळापासून साडेसात सेंमी वर. मागचं चाक १.४ च्या जागी अडीच सेंमी वर गेलं तर ते तरंगतं, पुढच्याच पातळीला ठेवलं तर गाडी वाकल्यासारखी दिसते. पलीकडचं पुढचं चाकही विसरू नका. बंपरखाली त्याचा फक्त एक तुकडा दिसतो आणि त्याचा तळ अलीकडच्यापेक्षा सेंमीभर वर असतो. तो तुकडा नसला की गाडी तीन चाकांची वाटते.

हे आकडे दर वेळी मोजत बसायचं नाही. चौकोनांनी काढायचं. पुढच्या चाकाभोवती उभा चौकोन काढा, वरची आणि खालची कड क्षितिजावर एकाच बिंदूकडे जाणारी. उंची ३ सेंमी, रुंदी उंचीच्या तीन चतुर्थांश. आता अलीकडच्या वरच्या कोपऱ्यातून पलीकडच्या उभ्या कडेच्या मध्यातून जाणारी रेष जमिनीच्या रेषेपर्यंत न्या. ती जिथे टेकते तिथे पुढची उभी कड. झाला दुसरा चौकोन, आपोआप थोडा अरुंद. असे एकूण पाच. पहिल्यात पुढचं चाक, पाचव्यात मागचं, मधले तीन रिकामे. स्विफ्टला हे जवळजवळ तंतोतंत लागू पडतं.

चौकोनात लंबवर्तुळ बसवताना दोन अक्ष लक्षात ठेवा. लहान अक्ष म्हणजे गाडीचा आस. आस बंपरला समांतर असतो, म्हणून तो बंपरच्या रेषा ज्या बिंदूकडे जातात त्याच बिंदूकडे जातो. ती रेष आधी मारा. मग कंपासपेटीतला गुण्या लावून तिला काटकोनात मोठा अक्ष. वरच्या स्थितीत हा मोठा अक्ष उभ्यापासून दहा-बारा अंश कलतो, वरचं टोक डिकीच्या बाजूला. तुमचं पुढचं चाक "पंक्चर" दिसतं, कारण तुम्ही मोठा अक्ष सरळ उभा धरताय. डोळा चाकाच्या मध्याइतका खाली, म्हणजे जमिनीपासून फूटभरावर आणला तरच तो उभा होतो.

पुढचं लंबवर्तुळ फुगीर, मागचं अरुंद. टेम्प्लेट (लंबवर्तुळांची तयार भोकं असलेली पट्टी) वापरत असाल तर पुढचं ५० अंशांचं आणि मागचं ४० च्या आसपासचं निवडा. दोन्ही सारखीच फुगीर काढली तर मागचा अर्धा भाग वेगळ्याच गाडीचा वाटतो. पुढचं चाक वळवलेलं काढायचा मोह सध्या आवरा. वळवलेल्या चाकाचा आस वेगळ्या बिंदूकडे जातो, तो नंतरचा धडा.

दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे बाजूच्या आणि बंपरच्या रेषा क्षितिजावर ज्या बिंदूंकडे जातात ते, ए४ च्या आत घेऊ नका, गाडी फुग्यातून पाहिल्यासारखी होते. ते बाहेरच असतात. त्यासाठी एक सोपी सोय: कागदाच्या डाव्या कडेवर क्षितिजापासून जमिनीच्या रेषेपर्यंतच्या अंतराचे सहा समान भाग करा, उजव्या कडेवरही तेवढेच सहा, आणि समोरासमोरच्या खुणा जोडा. डावीकडचं अंतर मोठं आणि उजवीकडचं लहान असल्याने रेषा आपोआप एका बिंदूकडे धावतात. बिंदू टेबलावर कुठे पडतो याची फिकीर नको.


शिसपेन्सिल

साहित्याबद्दल थोडक्यात.

झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागद सरावाला उत्तम. महाग स्केचबुक घेतलं की माणूस पानं वाचवत बसतो. कच्च्या रेषांना एचबी चालेल पण दाबू नका. खाच पडली की खोडरबराने शिसं जातं, खाच राहते, आणि नंतर छटा दिली की ती पांढरी उठून दिसते. पक्क्या रेषांना २बी, गाडीखालच्या सावलीला ४बी किंवा ६बी.

लंबवर्तुळांचा सराव मात्र साध्या बॉलपेनने करा. खोडता येत नाही म्हणून हात आधी विचार करतो. पेन टेकवण्याआधी हवेत तोच आकार दोन-तीनदा फिरवा, मग न थांबता टेकवा. मनगटाने लहान गोल जमतो, ३ सेंमीच्या चाकाला कोपर आणि खांदा हलवावा लागतो. कागद फिरवायला लाजू नका. प्रत्येक हाताला एकच दिशा सोयीची असते, बाकीच्या दिशा कागदाने सांभाळायच्या.

मार्कर इतक्यात नको. घेतलेच तर तीन करडे पुरेत: फिका, मधला, गडद. अल्कोहोल मार्कर झेरॉक्स कागदातून आरपार जातो, खाली रद्दी ठेवा. आणि पहिला पट्टा ओला असतानाच त्याला लागून दुसरा ओढा, नाहीतर पत्र्यावर पट्टेदार साडीसारखे काठ उमटतात.


वस्तुचित्र

ज्यांनी शाळेत एलिमेंटरीची परीक्षा दिली आहे त्यांना वस्तुचित्राच्या पेपरातली बादली आठवत असेल. बादलीचं तोंड आणि कारचं चाक एकच. त्या पेपरात जे चुकतं तेच इथे चुकतं.

लंबवर्तुळाला टोकं नसतात. शिकाऊ हातातून नव्वद टक्के वेळा करंजी निघते, दोन्हीकडे टोकदार. उरलेल्या वेळा औषधाची कॅप्सूल निघते, बाजू सरळ आणि टोकं गोल. तपासायचं असेल तर कागद मोठ्या अक्षावर घडी घालून उजेडासमोर धरा. दोन्ही अर्धे एकमेकांवर बसले पाहिजेत. मग लहान अक्षावर घडी.

घरात स्टीलची वाटी घ्या, तिला आडवी धरून भिंतीशी टेकवा, तळ भिंतीकडे. एका डोळ्याने बघत हळूहळू वळवा. तोंड पूर्ण गोलापासून रेषेपर्यंत कसं मिटत जातं ते पाहा आणि पाच-सहा टप्पे काढा. रोज एक पान, वीस-पंचवीस लंबवर्तुळं, पंधरा मिनिटं. दहा दिवसांनी पहिलं पान शेजारी ठेवा.

तिरकी_रेघ यांच्याशी एका बाबतीत मतभेद. इतकी भूमिती पहिल्याच आठवड्यात डोक्यावर घेतली तर माणूस गाडी सोडून चौकोनच काढत बसेल. आणि पहिली गाडी स्विफ्ट नकोच. तिच्या अंगावर सरळ रेष शोधून सापडत नाही. खांद्याची रेष मागच्या चाकावर फुगते, टप मागे उतरतो, खांब काळे केल्यामुळे काच कुठे संपते ते कळत नाही, मागच्या दाराचा हॅण्डलही खांबात लपवलेला. त्यापेक्षा जुनी मारुती ८०० घ्या, १९८६ नंतरची. लांबी ३३३५ मिमी, रुंदी १४४०, उंची १४०५. समोरून जवळजवळ चौरस. सपाट बोनेट, सपाट दारं, काचा मोठ्या आणि सरळ. खोक्यातून गाडी कशी निघते ते ८०० मध्ये उघड दिसतं. चार ८०० काढून झाल्यावर स्विफ्टला हात घाला.

पद्मिनीचा मोह अनेकांना होतो, काळी-पिवळी म्हणून. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, आता समोर उभी राहून काढायला सहजासहजी मिळत नाही. आणि जिच्याभोवती फेरी मारता येत नाही अशी गाडी शिकाऊने काढू नये. फोटो एकच बाजू सांगतो.


गुण्या

८०० ला पाठिंबा, पण एक सावधगिरी. तिला १४५/७० आर १२ टायर, व्यास जेमतेम ५१ सेंमी. दोन्ही चाकांच्या मध्यांत २१७५ मिमी. म्हणजे मधल्या मोकळ्या जागेत तीन चाकं बसून वर पाव चाक उरतं, आणि उंची चाकाच्या पावणेतीन पट. स्विफ्टची अडीच पट डोक्यात ठेवून ८०० काढलीत तर तिला जीपची चाकं लागतील. प्रत्येक गाडीचा हा हिशेब टायरवरचा आकडा वाचून नवा करायचा. दोन मिनिटांचं काम आहे.


कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. चौकोनांची रीत करून पाहिली, स्विफ्टवरच. (८०० शोधतोय.) दोन्ही चाकं आता जमिनीवर आहेत! पण तीन नव्या अडचणी. एक, गाडी खोक्यासारखी दिसते, पुढचा कोपरा टोकदार येतो. दोन, चेहऱ्याच्या बरोबर मध्यावर लोगो काढला तरी चेहरा वाकडा वाटतो. तीन, फोटोशी ताडून पाहिलं तर फोटोतलं पुढचं चाक माझ्यापेक्षा बरंच मोठं आहे, आणि मागचं अगदी बारीक. फोटो गाडीपासून दोनेक पावलांवरून काढला होता. मग कोण बरोबर?


बोनेटखाली

तिसऱ्याचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. चित्र बरोबर, फोटो चुकीच्या जागेवरून काढलेला. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद असते. दीड मीटरवरून पुढचं चाक लेन्सच्या अगदी जवळ आणि मागचं त्याच्या दुप्पट-अडीचपट लांब, म्हणून पुढचा भाग फुगतो. दहा पावलं मागे जा, दुप्पट झूम करा. मोबाईल टपाच्या उंचीला न धरता बोनेटच्या थोडा वर धरा, म्हणजे बोनेटही दिसेल आणि बाजूही.

टोकदार कोपरा. खोकं हे गाडीच्या बाहेरून घट्ट बसवलेलं पॅकिंग आहे. गाडी त्याला काही ठिकाणीच टेकते. वरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एखादी स्विफ्ट पाहा: बंपर सरळ पट्टी नसून धनुष्यासारखा आहे. मध्यावर तो खोक्याला टेकतो आणि हेडलाइटकडे येताना मागे वळतो. त्यामुळे खोक्याचा पुढचा कोपरा रिकामी हवा आहे. चाक ३ सेंमी असेल तर त्या कोपऱ्यातून दोन्ही बाजूंना सेंमीभर तरी कापून टाका आणि गोलाई द्या. हेडलाइट नेमका या वळणावर बसतो, म्हणून तो थोडा चेहऱ्यावर आणि थोडा बाजूवर दिसतो. तुम्ही तो सगळा चेहऱ्यावर चिकटवला असणार.

दुसरी गोलाई उभी. बाजूच्या काचा वर जाताना आत झुकतात, टप खालच्या अंगापेक्षा अरुंद असतो. याच मापात प्रत्येक बाजूला अर्धा ते पाऊण सेंमी आत घ्या. हे न केल्यामुळेच चित्रातल्या गाड्या पावाच्या लादीसारख्या दिसतात. आणि काचांची उंची आवरा. जमिनीपासून टपापर्यंतच्या उंचीत काचेचा वाटा साधारण एक तृतीयांश. आपण माणसं काचेतून बघतो म्हणून की काय, शिकाऊ चित्रात काच हमखास निम्मी होते.

आता वाकडा चेहरा. लोगो पट्टीने मोजून मध्यावर ठेवलात ना? तिरक्या चेहऱ्याचा मध्य पट्टीच्या मध्यावर नसतो. चेहऱ्याच्या चौकोनाचे दोन कर्ण काढा, ते जिथे छेदतात तिथून उभी रेष, तो खरा मध्य. अलीकडचा अर्धा मोठा, पलीकडचा लहान. त्यातच बंपर धनुष्याकार असल्याने मध्याची रेष आणखी पलीकडे सरकते, पुढे आलेली असते म्हणून. लोगो, नंबर प्लेट, बोनेटचा मध्य, वायपरमधला बिंदू, पुढच्या काचेतला मागचा आरसा: हे सगळं या एका रेषेवर ओवलेलं असतं. ही रेष बंपरपासून बोनेटवरून, काचेवरून टपापर्यंत हलकी ओढून ठेवा. डावं-उजवं तिच्याशी ताडून पाहिलं की वाकडेपणा लगेच सापडतो.

तिरकं चाक काढताना एकच लंबवर्तुळ पुरत नाही, हेही बघा. टायरला साडेअठरा सेंमी जाडी आहे. बाहेरच्या कडेचं एक, मग आसाच्या रेषेवर आत सरकवून दुसरं, त्याचा फक्त पुढचा काठ बंपरच्या बाजूला दिसतो. रिमचं लंबवर्तुळ टायरच्या तोंडापेक्षा किंचित आत बुडालेलं. चाक आणि मडगार्डची कमान यांच्यात वर दोन-तीन मिमी फट ठेवा आणि ती फट पूर्ण काळी करा. तिथे करडं ठेवलं की चाक गाडीच्या बाहेर चिकटवल्यासारखं दिसतं.


तिरकी_रेघ

बोनेटखाली यांच्या मध्यरेषेला दुजोरा. फक्त क्रम सांभाळा: आधी पाच चौकोन आणि चाकं, मग खोकं, मग मध्यरेष, मग कोपरे कापणं. कोपरे आधी कापले तर मोजायला काहीच उरत नाही. हेडलाइट आणि ग्रिल या सगळ्यानंतर. वस्तुचित्र, तुमचा मतभेद मान्य, पण चौकोन काढत बसले तरी चाकं जमिनीवर आली की नाही?


शिसपेन्सिल

चकाकीबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही पत्र्याला सफरचंदासारखी छटा देताय, उजेडाकडे फिकी आणि हळूहळू गडद. पत्रा आरसा आहे. त्यावर स्वतःची सावली कमी आणि भोवतालचं जग जास्त दिसतं. नियम एकच: पत्र्याचा तो तुकडा कुठे तोंड करून आहे? आभाळाकडे असेल तर फिका, जमिनीकडे असेल तर जमिनीच्या रंगाचा, समोर असेल तर समोरची भिंत-झाडं.

त्या हिशेबाने बोनेट आणि टप जवळजवळ कोरे सोडा. खिडक्यांच्या खालची खांद्याची गोलाई वर तोंड करते, तिथे फिकी पट्टी. तिच्या खाली दार उभं होतं, तिथे समोरच्या इमारती-झाडांचा गडद पट्टा, वरून खाली हळूहळू वितळणारा नाही, तर वरची कड धारदार असलेला. दाराचा सगळ्यात खालचा भाग आत वळतो आणि रस्ता दाखवतो. उन्हातला रस्ता फिका असतो, म्हणून तिथे पुन्हा उजळ. फिका, गडद, मध्यम: तीन पट्टे, मधला काळाभोर, आणि पत्रा चकाकायला लागतो. पट्ट्याची कड गाडीच्या गोलाईप्रमाणे वाकवा, सरळ ठेवली तर दार सपाट फळी होईल.

काच आतून काळोखी असते, म्हणून काचा गडद भरा आणि वरच्या कोपऱ्यात आभाळाचा एक तिरका तुकडा सोडा. पलीकडच्या खिडकीतून उजेड दिसतो तिथे सीटच्या पाठी आणि स्टिअरिंगचा वरचा चाप पुसटसा ठेवा.

सगळ्यात काळी जागा गाडीखाली, चाकांच्या मध्ये आणि टायर टेकतो तिथे. ६बी तिथेच खर्च करा. पांढरी गाडी असेल तर अंगावर अगदी फिका करडा आणि बाकी सगळा जोर काचा आणि जमिनीवर. पांढऱ्या गाडीला गडद छटा दिली की तुम्ही म्हणता तो चिखल होतो. सरावाला लाल किंवा करडी गाडी बरी, काळी सगळ्यात शेवटी.


कोरा_कागद

चिखलाचं कारण कळलं, माझी फोटोतली गाडी पांढरीच आहे. शेवटची एक शंका: फोटोवर बटर पेपर ठेवून गिरवलं तर चालतं का, की सवय बिघडते?


वस्तुचित्र

बाह्यरेषा गिरवून काही कळत नाही, हाताला फक्त त्या एका फोटोचं वळण लागतं. पण बटर पेपरवर फक्त पुढच्या आणि मागच्या चाकाचे दोन-दोन अक्ष, जमिनीवरचे टेकण्याचे तीन बिंदू, क्षितिज आणि मध्यरेष एवढंच काढा. मग बटर पेपर बाजूला घेऊन, फोटो झाकून, त्या सांगाड्यावर गाडी आठवून काढा. झाली की पुन्हा फोटोवर ठेवा आणि लाल पेनने जिथे जिथे रेष सरकली तिथे खूण करा. लाल खुणा बहुतेक मागच्या चाकाच्या रुंदीवर आणि टपाच्या उंचीवर जमतील. पुढच्या गाडीला तेवढ्या दोनच जागा सांभाळा.

आणि ८०० शोधताय तर गॅरेजवाल्यांकडे विचारा. उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं तरी गॅरेजच्या मागे एखादी धूळ खात उभी असते, आणि तिच्याभोवती हवी तेवढी फेरी मारता येते. टायर मात्र तपासून घ्या. उभ्या-उभ्या हवा गेलेली असते आणि मग लंबवर्तुळ खरोखरच पंक्चर निघतं.